कॉइलताई आणि न विझणारा पिवळा दिवा

चष्मेवाल्यांची गाडी सातव्यांदा गॅरेजच्या दारात येऊन थांबली, तेव्हा मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला आणि भलतीकडेच बघायला लागला. दादा ऑफिसच्या काचेआडून उठून बाहेर आला. त्याला काही विचारावं लागलं नाही. चष्मेवाल्यांनी गाडीची काच खाली केली, स्टिअरिंगच्या मागे बोट दाखवलं आणि नेहमीच्या सौम्य आवाजात म्हणाले, "आलाय."

आला होता तो चेक इंजिनचा दिवा. पिवळा, नखाएवढा, इंजिनाच्या चित्राचा. दीड महिन्यात त्याने अख्ख्या गॅरेजच्या नाकी नऊ आणले होते.

मागच्या खोलीत बसून कॉइलताई हे ऐकत होती. ऐकण्यापलीकडे तिचा त्या गाडीशी संबंध नव्हता, निदान दादाच्या मते तरी नव्हता.

कॉइलताई म्हणजे दादाची सख्खी धाकटी बहीण. पन्नाशी ओलांडलेली, अंगाने बारीक, आणि बोटं त्याहून बारीक. त्या बोटांनीच तिचं आयुष्य ठरवून टाकलं होतं. वडिलांनी गॅरेज काढलं तेव्हापासून पुढच्या शेडमध्ये इंजिनांचं काम आणि मागच्या खोलीत वाइंडिंग अशी वाटणी होती. जळालेला स्टार्टर, डायनॅमो, पंपाची मोटार आली की आतली करपलेली तार उपसून काढायची, तांब्याची नवी तार खाचांमध्ये वेढे मोजत भरायची, टोकं जोडायची. चौदाव्या वर्षी वडिलांनी तिला त्या खोलीतल्या स्टुलावर बसवलं आणि थोरल्याला पुढे इंजिनापाशी उभं केलं. "हिची बोटं खाचेत जातात, तुझी जात नाहीत," एवढंच कारण दिलं. दादा पुढे दोन वर्षं शिकायला गेला आणि सर्टिफिकेट घेऊन आला. ताईने काही सर्टिफिकेट आणलं नाही. तिने अडतीस वर्षं तार गुंडाळली.

लग्न झालं तेही चार गल्ल्या पलीकडे, छापखान्यात पुस्तकं बांधणाऱ्या माणसाशी. "आमच्या घरात दोघंही बांधणारेच," नवरा गमतीने सांगायचा. "मी पानं बांधतो, ही तार. भांडण झालं तर सोडवायला कुणी नाही."

दादा वाईट माणूस नव्हता. गिऱ्हाइकाला फसवणं त्याच्या रक्तातच नव्हतं, आणि बहिणीवर त्याचा जीव होता. फक्त बॉनेटखालचं सगळं आपलं आणि टेबलावरचं तिचं, ही रेघ त्याच्या डोक्यात पक्की बसली होती. ताई पंचविशीत असताना एक ट्रक आला होता. त्याचा ब्रेक दाबला की हॉर्न वाजायचा. ड्रायव्हर रडकुंडीला आलेला, कारण सिग्नलला थांबला की पुढचे सगळे मागे वळून शिव्या द्यायचे. दादाने दोन दिवस हॉर्न खोलला, जोडला, परत खोलला. ताई चहा द्यायला गेली तेव्हा एवढंच म्हणाली, "दादा, मागच्या दिव्यांची अर्थिंग तुटली असेल. करंट परतीची वाट शोधत हॉर्नमधून जातोय." दादाने तिला "तुझं काम टेबलावरचं" म्हणून मागे पाठवलं. तासाभराने अर्थिंगची तार जोडली, हॉर्न गप्प झाला, आणि ड्रायव्हरला तो म्हणाला, "मला वाटलंच होतं." ताई त्यावर अकरा दिवस त्याच्याशी बोलली नाही. शेवटी वहिनीने दोघांना एका ताटाशी बसवलं तेव्हा कुठे तिने तोंड उघडलं, तेही मीठ मागायला. त्यानंतर मात्र पुढच्या कामात तिने कधी नाक खुपसलं नाही. सत्तावीस वर्षं.

आता गाडीबद्दल सांगायला हवं. चष्मेवाले साठीचे, शिडशिडीत, इस्त्रीचा शर्ट घालणारे. त्यांचं दुकान म्हणजे ती उंच छताची जुनी गाडीच. मागे काचा घासायचं यंत्र, फ्रेमांचे खण, एक फिरतं स्टूल, आणि आतल्या भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. जिथे डोळ्यांचा डॉक्टर नाही आणि चष्म्याचं दुकानही नाही अशा वस्त्यांवर ते आठवडाभर फिरायचे. म्हाताऱ्याकोताऱ्यांचे नंबर काढायचे आणि तिथल्या तिथे चष्मा बनवून द्यायचे. चाळीस-चाळीस किलोमीटर आतले लोक त्यांचा वार लक्षात ठेवून वाट बघत.

एका चढावर गाडीच्या इंजिनाची आतली साखळी तुटली आणि इंजिन कायमचं गेलं. दादाने भंगारातून त्याच मॉडेलचं इंजिन शोधून काढलं. सहा सिलिंडरचं, तीन डाव्या बाजूला, तीन उजव्या बाजूला. त्याच्यासोबत त्याची वायरिंगची अख्खी जुडीही आली. आठवड्यात इंजिन बसलं, पहिल्या चावीला सुरू झालं, आणि दादाने सगळ्यांना चहा पाजला. दुसऱ्या दिवशी दिवा लागला.

मिस्त्रीने गाडीच्या कॉम्प्युटरची तक्रार वाचणारा स्कॅनर जोडला. मिस्त्री चाळिशीचा, कामाला पक्का, पण स्कॅनरवर जे लिहून येईल ते त्याला दगडावरची रेघ वाटायचं. स्कॅनर म्हणाला, डाव्या बाजूला पेट्रोल कमी पडतंय, उजव्या बाजूला जास्त होतंय. मिस्त्रीने धुराच्या पाइपांमधले, पेट्रोल कमी-जास्त कळवणारे दोन्ही सेन्सर बदलले आणि दिवा पुसून टाकला. एक दिवस दिवा लागला नाही. दुसऱ्या दिवशी दिवा हजर. मग इंजेक्टर, म्हणजे सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या तोट्या, धुतले. हवा मोजणारा सेन्सर बदलला. पाइपांचे गॅस्केट बदलले. पेट्रोलचा पंप बदलला. गाडीचा कॉम्प्युटर काढून तपासायला पाठवला, तो ठणठणीत म्हणून परत आला. प्रत्येक वेळी तेच. पहिला दिवस दिव्याविना, दुसऱ्या दिवशी दिवा.

नुसता दिवा असता तर चष्मेवाल्यांनी चालवूनही घेतलं असतं. पण गाडी गुदमरत होती, पेट्रोलचा वास मारत होती, आणि वार्षिक तपासणी तोंडावर होती. समोरच्या पट्टीवर एकही दिवा लागलेला असला की गाडी नापास, असा नियम. दोनदा नापास झाली होती. तिसऱ्यांदा झाली असती तर परवानाच रद्द, आणि नवा मिळवायचा म्हणजे सहा-सात महिने दारं झिजवायची. तारीख होती शनिवारची. आज मंगळवार होता.

"डोळे तपासणारा मी," चष्मेवाले पायरीवर बसत म्हणाले. "कधीकधी वाटतं, मलाच दिवा दिसतोय, बाकी कुणाला दिसत नसेल."

"आम्हालाही दिसतोय," दादा म्हणाला. "स्वप्नातसुद्धा."

मिस्त्री हळूच म्हणाला, "साहेब, एक सांगू का? त्या दिव्याची तारच तोडून टाकू. ना राहील दिवा..."

"नाही," दादाने त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. "एक तर चावी फिरवल्यावर दिवा लागून विझतो की नाही हे ते बघतातच. आणि नसते बघत तरी नाही." तो थोडा वेळ गाडीभोवती फिरला आणि म्हणाला, "इंजिनच खराब निघालं. उतरवावं लागणार."

इंजिन उतरवून दुसरं बसवायचं म्हणजे शनिवार हातचा गेला, हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं. चष्मेवाल्यांनी चष्मा काढला, पुसला आणि परत डोळ्यांवर ठेवला.

ताई हात पुसायला फडकं घेण्यासाठी पुढे आली होती. मिस्त्रीने तोवर प्लग काढून पत्र्याच्या तबकात ओळीने मांडून ठेवले होते. तीन डावीकडचे, तीन उजवीकडचे. तिची नजर त्यांच्यावर गेली आणि तिथेच अडकली. डावे तिन्ही प्लग काजळीने काळेकुट्ट, उजवे तिन्ही पांढरेफटक.

"मिस्त्री," ती म्हणाली, "स्कॅनर काय म्हणतो? कोण उपाशी आहे?"

"डावी बाजू. कॉम्प्युटर तिला पंचवीस टक्के जास्त पेट्रोल घालतोय, उजवीकडून पंचवीस टक्के कापतोय. तरी रड चालूच."

"पण हे डावे प्लग तर काळे आहेत. म्हणजे पेट्रोल उतू जातंय."

"पंचवीस टक्के जास्त घातल्यावर काळे होणारच ना, ताई."

"होणारच. मग पोट फुटेस्तोवर जेवलेला माणूस अजून उपाशी आहे असं कोण सांगतंय?"

मिस्त्रीने एक काळा प्लग उचलून उजेडात धरला. दादा कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "अगं, आधीच डोक्याला ताप आहे. तू तुझं टेबल बघ."

ताई मागे गेली. स्टुलावर बसली, आर्मेचर, म्हणजे मोटारीतला तार भरायचा गाभा, हातात घेतलं, आणि पहिल्यांदाच वेढे मोजताना चुकली. पुन्हा मोजले, पुन्हा चुकली. तेव्हा तिने तार ठेवून दिली, मागच्या दाराने बाहेर पडली आणि वळसा घालून पायरीवर बसलेल्या चष्मेवाल्यांच्या शेजारी जाऊन बसली.

"गाडी नेमकी कधी बिघडते, सांगाल का?"

चष्मेवाले टापटिपीचे. त्यांनी खिशातून छोटी वही काढली. दीड महिन्यात गाडी कधी सुरू केली, कधी गचके बसले, कधी वास आला, सगळं बारीक अक्षरात टिपून ठेवलं होतं. "गंमत अशी आहे, ताई, की सकाळी थंड गाडी सुरू केली की पहिली दोन-तीन मिनिटं लोण्यासारखी चालते. गरम झाली की रडायला लागते. मला वाटायचं उलटं असायला हवं."

"प्रत्येक वेळी?"

"एकदाही चुकलेली नाही. आजच्या तारखेपर्यंत."

ताई बराच वेळ त्या वहीकडे बघत बसली. बॉनेटखाली नाक खुपसायला बंदी होती, कान उघडे ठेवायला नव्हती. एवढ्या वर्षांत तिने भिंतीआडून खूप ऐकलं होतं. धुराच्या पाइपात बसलेले ते सेन्सर गरम झाल्याशिवाय कामाला लागत नाहीत, आणि तोवर कॉम्प्युटर त्यांना विचारतही नाही, आपल्या अंदाजाने पेट्रोल सोडतो, हे तिला ठाऊक होतं. ती उठली आणि सरळ दादासमोर जाऊन उभी राहिली.

"दादा, इंजिन खराब नाही. थंड असताना गाडी कुणाचं ऐकत नाही, तेव्हा नीट चालते. गरम झाली की सेन्सरचं ऐकायला लागते, आणि ऐकायला लागली की बिघडते. खोट आहे ती ऐकण्यात."

"सेन्सर नवे आहेत."

"सेन्सर खोटं बोलत नाहीत. एकाचं गाऱ्हाणं दुसऱ्याच्या नावावर लागतंय." दादाच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही, तेव्हा तिने जवळचं स्टूल ओढलं. "असं बघ. दोन भावंडं जेवायला बसलीत आणि वाढणारीची पाठ त्यांच्याकडे आहे. डावा म्हणतो मीठ कमी. ती हात मागे करून उजव्याच्या ताटात मीठ घालते. उजवा म्हणतो खारट झालं. ती डाव्याच्या ताटातलं काढते. डावा आणखी ओरडतो, ही उजव्याला आणखी घालते. शेवटी एकाच्या तोंडात मिठाचा खडा आणि दुसऱ्याच्या तोंडात नुसतं पाणी. दोघंही खरं बोलतायत, आणि वाढणारीही मन लावून वाढतेय."

दादाने तबकातल्या प्लगांकडे बघितलं. मग म्हणाला, "आणि असं नसलं तर?"

"तर मी टेबलावर परत. पुन्हा या बाबतीत तोंड उघडणार नाही."

"ते तुला जमायचं नाही," दादा म्हणाला. पण त्याने खरोखरच हात टेकले होते, म्हणून किल्ली तिच्यासमोर धरली. "उद्या दुपारपर्यंत. मग मी इंजिन उतरवायला घेतो."

बुधवारी सकाळी ताई आयुष्यात पहिल्यांदा गिऱ्हाइकाच्या गाडीखाली आडवी झाली. सेन्सरची वायर जिथे मोठ्या जुडीला येऊन मिळते तिथला एक-एक प्लास्टिकचा जोड तिने बोटांनी चाचपला. जोड दिसायला अगदी सारखे होते, अदलाबदल सहज होऊ शकली असती. पण झाली नव्हती. जुडीवर कंपनीच्या पट्ट्या होत्या, डावा लिहिलेला डावीकडे आणि उजवा लिहिलेला उजवीकडेच लागलेला.

"ते मी पहिल्याच दिवशी बघितलंय, ताई," वरून मिस्त्रीचा आवाज आला. त्यात कुत्सितपणा नव्हता, उलट थोडी हळहळच होती. त्यामुळे ते जास्तच झोंबलं.

ती बाहेर आली. गुडघ्यांना ग्रीस लागलं होतं. दादाने दुरून बघितलं, मान हलवली आणि इंजिन उचलायची साखळी काढायला गेला. ताई मागच्या खोलीत आली. टेबलावर पंपाची एक मोटार तशीच पडली होती. चार टोकं बाहेर आलेली, चारही लाल. दुसरं काही सुचेना म्हणून तिने सवयीने मीटर ओढला, एका टोकाला एक तार लावली, दुसरी तार एकेका टोकाला टेकवत गेली. तिसऱ्या टोकाला काटा हलला. जोडी सापडली.

आणि तिचा हात तसाच थांबला.

या टेबलावर अडतीस वर्षांत तिने कधी तारेच्या रंगावर विश्वास ठेवला नव्हता, की कुणी चिकटवलेल्या पट्टीवर. करंट सोडायचा आणि काटा कुठे हलतो ते बघायचं. आणि आज गाडीखाली जाऊन तिने काय केलं होतं? पट्ट्या वाचल्या होत्या.

ती जवळजवळ धावतच पुढे आली. मिस्त्रीने बॉनेटवर हात टेकून साखळी अडकवायला जागा शोधायला घेतली होती.

"ती साखळी ठेवा. प्लग परत बसवा आणि गाडी सुरू करा," ती म्हणाली. "चांगली गरम होऊ द्या. मग तुम्ही सीटवर बसून स्कॅनर बघायचा, आणि मी सांगेन तेव्हाच बोलायचं."

मिस्त्रीने दादाकडे बघितलं. दादाने घड्याळाकडे बघितलं. दुपार व्हायला दोन तास होते. "कर," तो म्हणाला.

अर्ध्या तासाने गाडी गरम होऊन नेहमीसारखी गुरगुरत, वास मारत उभी होती. ताईने बॉनेटखाली वाकून डाव्या बाजूच्या एका इंजेक्टरची वायर ओढून काढली. इंजिन थरथरायला लागलं. आता डावीकडच्या एका सिलिंडरमध्ये पेट्रोल जातच नव्हतं, तिथून पाइपात नुसती हवा जात होती. डाव्या सेन्सरने बोंब ठोकायला हवी होती.

"कोण बोललं?" तिने विचारलं.

मिस्त्रीने स्कॅनर डोळ्यांजवळ नेला. "उजवा," तो म्हणाला. "उजवा एकदम खाली आला."

ताईने ती वायर लावली, पलीकडे जाऊन उजव्या बाजूची एक काढली. "आता?"

"डावा." मिस्त्रीचा आवाज बदलला होता. "ताई, डावा पडला."

दादा साखळी टाकून आला. त्याचा विश्वास बसेना. त्याने स्वतःच्या हाताने डावी वायर काढली, खिडकीतून स्कॅनर बघितला, लावली, उजवी काढली, परत बघितला. तीनदा केलं. मग चावी फिरवून इंजिन बंद केलं आणि शेडमध्ये एकदम शांतता झाली.

"पण जोड तर बरोबर आहेत," तो म्हणाला.

"टोकं बरोबर आहेत. मधेच कुठेतरी अदलाबदल झालीय." ताईने मीटर उघडला. कॉम्प्युटरच्या पिनपासून सेन्सरच्या जोडापर्यंत तिने तार लावून बघितली. डाव्याची पिन डाव्या जोडाशी बोलेना. उजव्या जोडाशी टेकवली मात्र, आणि काटा टाणकन पलीकडे गेला.

आता जुडीत नेमकं कुठे, हे शोधायचं होतं. जुडी इंजिनाच्या मागून जाड दोरखंडासारखी गेली होती, काळ्या पट्टीने गच्च गुंडाळलेली. ताईने डोळे मिटले आणि तिच्यावरून बोटं फिरवत गेली. इंजिनामागच्या पत्र्याच्या भिंतीपाशी वीतभर जागा होती जिथे पट्टीचे वेढे उलट्या दिशेने पडले होते. डोळ्यांना कधी दिसलं नसतं. तिने ब्लेडने पट्टी चिरली.

आत अकरा तारा होत्या आणि अकराच्या अकरा मधोमध कापून पुन्हा पिळून जोडलेल्या. भंगारात कुणीतरी इंजिन ओढून काढताना घाईत जुडीच कापली होती, आणि विकताना रंगाला रंग बघून परत जोडली होती. त्या बापड्याच्या हातून नऊ तारा बरोबर लागल्या. उरलेल्या दोन एकाच रंगाच्या होत्या. दोन्ही करड्या. डावी कोणती आणि उजवी कोणती, हे त्याला कोण सांगणार होतं?

दादा बराच वेळ त्या दोन करड्या तारांकडे बघत राहिला. पंप, सेन्सर, इंजेक्टर, कॉम्प्युटर, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मिस्त्री पाठमोरा होऊन उगाचच पाने पुसायला लागला.

"आता यांना उलट जोडून टाकू," दादा म्हणाला आणि पक्कड उचलली. मग त्या अरुंद फटीत त्याने आपला हात घालून बघितला. मनगटाशीच अडकला. त्याने पक्कड ताईच्या हातात दिली आणि भिंतीवरची बॅटरी काढून आणली. "तू कर. मी उजेड धरतो."

ताईने नुसत्या त्या दोन तारा अदलून जोडल्या नाहीत. पिळलेले अकराही जोड तिने उघडले, तारा खरवडून चकचकीत केल्या, एकेक जोड सोल्डर केला, त्यावर नळी चढवली, गरम करून आवळली. दोन तास ती वाकून होती. दोन तास दादाने उजेड हलू दिला नाही. मधे एकदा वहिनी डबा घेऊन आली, दोघांकडे बघितलं, आणि डबा बाकावर ठेवून परत गेली.

बुधवारी दुपारी गाडी सुरू केली तेव्हा मिस्त्रीने आपण होऊन आकडे वाचायला सुरुवात केली. डावी बाजू पंचवीसवरून अठरा, अठरावरून दहा, सहा, तीन. उजवी बाजू खालून वर, तशीच. शेवटी एक अधिक दोनवर आणि दुसरी उणे एकवर येऊन स्थिरावली. तो आकडे वाचायचा थांबला तरी कुणी जागचं हललं नाही.

पण दिवा हा दुसऱ्या दिवशीचा पाहुणा होता, हे सगळ्यांना पाठ झालं होतं. गाडी पुरती थंड होऊ द्यायची, परत लांब पळवायची, असं दोनदा तरी झाल्याशिवाय छाती ठोकून काही सांगता येणार नव्हतं. गुरुवारी सकाळी चष्मेवाले स्टिअरिंगवर बसले, शेजारी ताई, आणि मागे अक्षरांच्या तक्त्याखालच्या फिरत्या स्टुलावर स्कॅनर मांडीवर घेऊन दादा. वळण आलं की स्टूल फिरायचं आणि दादा तक्त्याकडे तोंड करून बसायचा.

"सगळ्यात खालची ओळ वाचता येते का?" चष्मेवाल्यांनी आरशातून विचारलं.

"तुम्ही रस्ता वाचा," दादा म्हणाला, पण हसला.

ज्या चढावर इंजिन गेलं होतं तोच चढ पुढे आला. चष्मेवाल्यांचे खांदे आपसूक वर गेले. त्यांनी पाय दाबला. गाडीने ना गचका दिला, ना वास. ती चढाला अशी लागली की चढ संपल्याचं त्यांना वरच्या वळणावर आल्यावर कळलं. त्यांनी पाय सैल केला.

"ताई," ते मग म्हणाले, "जुन्या इंजिनावरही ही कधी अशी चढली नव्हती."

सगळ्यात लांबच्या वस्तीपर्यंत जाऊन ते परत आले. शुक्रवारी पुन्हा थंड गाडी, पुन्हा तेवढाच रस्ता. ताईची नजर पूर्ण वेळ समोरच्या पट्टीवर होती. चौदाव्या किलोमीटरला एक पिवळं काही चमकलं आणि ती पट्टीवर वाकली. पण ते पेट्रोल संपत आल्याचं चिन्ह होतं. "एवढी नीट चालतेय," चष्मेवाले ओशाळून म्हणाले, "की पाजायचंच विसरलो."

शनिवारी तपासणीच्या आवारात गाड्यांची रांग होती. तपासणाऱ्या बाई तरुण होत्या, हातात फळीला लावलेला कागद, कुणाशी एक शब्द जास्त नाही. त्यांनी कागदावरचे आधीचे दोन नापासाचे शेरे वाचले, चष्मेवाल्यांकडे बघितलं आणि चावी फिरवली. पट्टीवरचे सगळे दिवे एकदम लागले, त्यात तो पिवळाही. मग त्यांनी इंजिन सुरू केलं. एकेक दिवा विझत गेला. पिवळा शेवटी गेला. बाई थांबल्या. इंजिन चांगलं गरम होऊ दिलं, दोनदा पाय दाबून आवाज चढवला, धुराच्या पाइपाला नळी लावून आकडा बघितला, आणि पुन्हा पट्टीकडे नजर टाकली. काळीभोर.

शिक्का बसला तेव्हा चष्मेवाल्यांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.

बाईंनी पहिल्यांदाच कामाव्यतिरिक्त काही विचारलं. "दोनदा आली तेव्हा डावी-उजवी दोन्हीकडची तक्रार होती. काय निघालं?"

त्यांनी विचारलं होतं दादाला, कारण गॅरेजचं नाव असलेला शर्ट त्याच्याच अंगावर होता. रांगेतले दोन-तीन मेकॅनिकही ओळखीचे होते, त्यांनी कान टवकारले. ताई गाडीच्या पलीकडे उभी होती. तिला वाटलं, आता तेच जुनं 'मला वाटलंच होतं' येणार. तिने मनाची तयारीही केली, की आलं तरी काही बिघडत नाही, गाडी तर पास झाली.

दादाने घसा साफ केला. "ते माझ्या बहिणीला विचारा," तो म्हणाला. "मी दीड महिना नको ते बदलत बसलो. इंजिनसुद्धा उतरवायला निघालो होतो. तिने एका सकाळीत शोधलं." आणि मग, ताई पुढे येईना म्हणून, त्याने वळून तिला हाक मारली, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. "अगं, ये की इकडे. ह्यांना सांग ना नीट. मला तुझ्यासारखं सांगता येत नाही."

ताई आली. तिला वाटलं होतं त्यापेक्षा आवाज स्थिर निघाला. कापलेली जुडी, दोन करड्या तारा, इंजेक्टरची वायर काढून बघणं, सगळं तिने सांगितलं. बाईंनी मधेच थांबवून एक गोष्ट पुन्हा विचारली आणि आपल्या कागदाच्या मागे टिपून घेतली. ओळखीच्या मेकॅनिकांपैकी एक जण दादाला म्हणाला, "ही तुमच्याकडे कधीपासून आहे?" दादा म्हणाला, "माझ्या आधीपासून." ते खरं नव्हतं, पण ताईने त्याला दुरुस्त केलं नाही.

परत येताना चष्मेवाल्यांनी गाडी वाटेतच वस्त्यांकडे वळवली, कारण शनिवारचा वार चुकवायचा नव्हता. भाऊ-बहीण चौकात उतरून पायी निघाले. पहिल्या गल्लीच्या वळणावर दादा म्हणाला, "त्या ट्रकचा हॉर्न. तेव्हाही तूच सांगितलं होतंस."

"हो."

"मला आठवत नाही असं वाटायचं तुला?"

"मला वाटायचं, आठवतं म्हणूनच बोलत नाहीस."

दादाने मान हलवली. त्या संध्याकाळी नवऱ्याने सगळी हकीकत दोनदा सांगायला लावली आणि दुसऱ्या वेळी मधेमधे स्वतःच सांगितली.

सोमवारी सकाळी एक छोटी निळी गाडी दारात आली. तिचे वायपर आपोआप चालू व्हायचे. मिस्त्रीने बॉनेट उघडलं, आत बघितलं, आणि हात न लावता तसाच मागच्या खोलीच्या दाराशी गेला. पण त्याच्या आधीच तिथे दादा उभा होता.

"एक गाडी आलीय," दादा म्हणाला. "येतेस का जरा?"

ताईच्या हातात आर्मेचर होतं, अर्धं भरलेलं. तिने मान वर केली नाही. "एकोणीस वेढे राहिलेत," ती म्हणाली. "संपवून येते."

"संपव," दादा म्हणाला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला. पुढे गिऱ्हाईक हॉर्न वाजवत होतं. त्याने तिकडे हाताने थांबायची खूण केली आणि तार आत जाताना बघत राहिला.